तेवढाच आकडा

आकडा तोच होता, तीनशे सत्तेचाळीस. काल दुपारी जेवढा होता तेवढाच आज सकाळी, आणि मी चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो अर्धा कडेबाहेर ठेवला, पडता पडता राहिला. लाल चौकटीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, तुमच्या संगणकात ३४७ धोके सापडले आहेत, आणि खाली एक हिरवं बटण लुकलुकत होतं, दाबा म्हणून. आकडा मोठा होता याचं मला काही वाटलं नाही. मोठे आकडे मी जन्मभर पाहिलेत. एकतीस वर्षं मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजल्या, अजूनही जिने चढताना पायऱ्या मोजते आणि कुणी बोलत असलं तर त्यानं ‘म्हणजे’ किती वेळा म्हटलं ते मोजते, आमच्या लेकीला याचा फार राग येतो. मी दचकले ती आकडा हलला नाही म्हणून. काल संध्याकाळी मी मुकाट्यानं बसून जुने फोटो, दोनदोनदा साठवलेली गाणी, लेकीच्या कॉलेजचे कागद अशा दोनशे बारा फाइली पुसून टाकल्या होत्या, त्यातल्या चाळीसेकांवर तर धोके शोधणाऱ्या या प्रोग्रॅमनं लाल फुली मारलेली होती. रोग काढल्यावर आकडा कमी व्हायला हवा. निदान वाढायला तरी हवा. हा आपला ठाम, जागच्या जागी, आणि सगळा संगणक तपासून व्हायला त्याला अडतीस सेकंद पुरले होते.

मोजणं म्हणजे काय हे मला मोठ्या बाईंनी शिकवलं. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य, उंचीनं माझ्या खांद्याला लागत, पण त्या आत आल्या की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहत. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा, आणि मग शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती. हाताशी बटणांची एक पेटी असायची, प्रत्येक जातीला एक बटण, शंभर भरले की आतली घंटी वाजायची. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक काच मला परत मोजायला दिली. जेवायची सुट्टी व्हायची होती, पोटात कावळे ओरडत होते, मी काही परत मोजली नाही. आधीचाच आकडा खाली उतरवला, चौसष्ट, अठ्ठावीस, पाच, तीन. बाईंनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला. “परत मोजलंस?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. “मग तेवढंच कसं आलं?” मला वाटलं, नीट मोजलं की तेवढंच येणार, त्यात काय विचारायचं. बाई रागावल्या नाहीत. “रक्त आहे ते,” म्हणाल्या, “दुसऱ्यांदा मोजलं की दोन कमी, तीन जास्त, थोडं हलणारच. जे अजिबात हलत नाही ते मोजलेलंच नसतं.” मग त्यांनी मला परत बसवलं, आणि त्या दिवशी मी जेवले ती चार वाजता.

म्हणून आज सकाळी पावणेसात वाजता, दात घासलेले नाहीत, केस बांधलेले नाहीत, अशी मी त्या लाल चौकटीसमोर बसून मनात म्हणाले, बाई, हे सोंग आहे. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली तर आणखी एक चौकट उघडली, त्यात ढालीचं चित्र आणि नाव, ‘पहारेकरी’. पूर्ण संरक्षणासाठी कार्डाचा क्रमांक इथे भरा. या पहारेकऱ्याला मीच घरात घेतलं होतं, काल दुपारी, माझ्या या हातानं, आणि काल रात्रभर मला वाटत होतं की बरं झालं वेळेवर कळलं.

आता मी काही खुळी नाही. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतात, त्यांना मी आधी त्यांच्या शाखेत टेबलं किती ते विचारते, बिचारे फोन ठेवून देतात. मग काल कशी फसले, तर त्याचं कारण मला पक्कं माहीत होतं आणि सकाळी सकाळी त्याच्याकडे बघायची माझी तयारी नव्हती. आतल्या खोलीत हे झोपले होते. एका कुशीवर, एक हात उशीखाली, चाळीस वर्षं असेच झोपतात. पाच महिन्यांपूर्वी हे बाजारातून आले, लिफ्टनं वर आले, आणि तिसऱ्याच मजल्यावर उतरले. आम्ही चौथ्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराला आमची किल्ली लावत हे वीस मिनिटं उभे होते, किल्लीला तेल लावायला हवं असं स्वतःशीच बोलत. त्या घरातली शिक्षिका शाळेतून आली आणि हाताला धरून वर घेऊन आली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला, डोळे मिटून उभं राहिलं तरी किती मजले वर गेलो ते पोटातल्या हालचालीवरून सांगणारा. मी हसून साजरं केलं. शिक्षिका गेल्यावर हे म्हणाले, “तिचं आणि आपलं कुलूप एकाच कंपनीचं आहे गं,” आणि जोडे काढायला खाली बसले ते बराच वेळ बसूनच राहिले.

मग मेंदूचे डॉक्टर झाले. तिथे एका मुलीनं यांची परीक्षा घेतली, तीस गुणांची. पाच शब्द सांगायचे आणि मागाहून परत विचारायचे, शंभरातून सात सात वजा करत जायचं, प्राण्यांची चित्रं ओळखायची, घड्याळ काढायचं. यांनी घड्याळ काढलं ते अर्धं. वरचा अर्धा गोल, त्यात एकपासून बारापर्यंत आकडे दाटीनं बसवलेले, आणि मधोमध एक काटा. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “जुन्या लिफ्टच्या दारावर असतो ना मजला दाखवणारा काटा, तसं काढून दिलं. पोरीला कळलंच नाही.” थट्टा होती की चुकलं ते झाकत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. निकाल घ्यायला दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा हे बाहेर लिफ्टच्या दाराशी उभे राहून तिचा आवाज ऐकत होते, मी एकटीच आत गेले. तीसपैकी एकोणीस. डॉक्टर सावकाश, नीट बोलले. सुरुवात आहे म्हणाले, एक गोळी सुरू करू, चार-सहा महिन्यांनी परत मोजू, आणि त्यांना स्वतःला सांगा, अजून सगळं समजतंय तोवर त्यांचे निर्णय त्यांना घेऊ द्या. मी निकालाचं पाकीट पर्समध्ये टाकलं. बाहेर आले तर यांनी विचारलं, काय म्हणाले? एकतीस वर्षं मी खिडकीतून लोकांच्या हातात पाकिटं दिली. लोक पाकीट उघडायच्या आधी माझं तोंड वाचायचे, म्हणून मी तोंडावरची रेषही हलू द्यायची नाही हे शिकले होते. निकाल सांगायचा अधिकार आम्हाला नव्हता. ते तोंड मी त्या दिवशी घरच्या माणसासमोर लावलं आणि म्हटलं, “ठीक आहे. वयाप्रमाणे आहे सगळं.” आणि लिफ्टचं बटण दाबलं.

त्यानंतर ते तसंच चालू राहिलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरली. निकालाचा कागद फाडवेना, डोळ्यांसमोर ठेववेना, म्हणून त्याचा फोटो काढून संगणकात ‘जुनी वीजबिले’ नावाच्या कप्प्यात टाकला, मूळ कागद माझ्या जुन्या पांढऱ्या कोटाच्या खिशात. लेकीलाही वयाप्रमाणे आहे म्हणूनच सांगितलं, ती दूरच्या शहरात, तिच्या कामाच्या धबडग्यात, म्हटलं तिच्या जिवाला कशाला घोर. आणि रोज सकाळी गोळी घेताना हे पेला हातात धरून विचारायचे, “काय म्हणाले होते गं ते डॉक्टर?” मी म्हणायची, ठीक आहे, वयाप्रमाणे. कालचं उत्तर यांना आज आठवत नाही, हे मला रोज पेल्यातल्या पाण्यासारखं समोर दिसायचं, आणि रोज तेवढंच दुखायचं. दुपारी हे झोपले की मी संगणकावर बसायची. एकोणीस गुण म्हणजे किती वर्षं. एकोणीसचे बावीस होतात का. कुणाचे झाले. असं शोधत शोधत काल मी कुठल्या तरी भलत्याच पानावर गेले, तिथे स्मरणशक्तीचे व्यायाम होते, ते उतरवून घ्या म्हणत होते, मी घ्यायला गेले आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. तुमची खासगी कागदपत्रं या क्षणी कुणीतरी पाहत आहे. खाली भराभर फाइलींची नावं सरकत होती आणि त्यात मी वाचलं, जुनी वीजबिले. समोर लाल फुली.

प्रयोगशाळेत एक नियम होता. काही आकडे असे असतात, की ते दिसले की हातातलं टाकायचं आणि वॉर्डला फोन करायचा. विचार करत बसायचं नाही, परत मोजायचं ते फोन केल्यावर. हा नियम माझ्या हाताच्या हाडात गेलाय. लाल रंग दिसला, ‘ताबडतोब’ हा शब्द दिसला, आणि माझा हात पुढे झाला. कुणी हुशार माणसानं मला फसवलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. माझ्या घरात लपवलेलं एक काहीतरी होतं, आणि ते उघडं पडेल म्हणून मी बटण दाबलं, एवढंच झालं.

दहा वाजता हे आंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी लेकीला फोन लावून बसले होते. दुसरा इलाजच नव्हता, पहारेकरी दर पाच मिनिटांनी भोंगा वाजवत होता. फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावलेला. “आई, मशीनसोबत आलेला अँटीव्हायरस आहे ना आपल्याकडे?” लेक म्हणाली. “मग हा दुसरा कुठून आला? तू मागवला होतास? नाही ना? मग तो चोर आहे. खरा अँटीव्हायरस असा किंचाळत नाही, आणि रोग दाखवून औषधाचे पैसे मागत नाही. कार्ड दिलंस का?” नाही म्हटलं. “देव पावला. फोन नंबर दिसतोय त्यावर फोन?” तोही नाही. “मग निघेल. मी मीटिंगमध्ये आहे, पायऱ्या लिहून पाठवते, एकेक कर. आणि आई, बाबांना हात लावू देऊ नकोस हं.” हे माझ्या खुर्चीमागे उभे होते. ओल्या केसांतून पाणी मानेवर येत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही, फोन बंद केला, आणि मला लेकीचा राग आला, मग आठवलं की तिला काही माहीतच नाही, आणि तो राग माझ्याकडेच परत आला.

“काय झालंय याला?” यांनी विचारलं. मी सांगितलं. अर्थात सगळं नाही. एक खोटा प्रोग्रॅम घुसलाय, नसलेले रोग दाखवतोय, काढायचाय. हे ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून, लिफ्टचा आवाज ऐकतात तशी. मग काही न बोलता टेबलाखाली वाकले, भिंतीपासून आलेली इंटरनेटची वायर चिमटीत धरली, आणि खटकन उपसली. भोंगा मध्येच थांबला. मी म्हटलं, “अहो, अजून तिनं लिहून पाठवलं नाही.” तर म्हणाले, “आधी तोडायचं, मग हात घालायचा. खड्ड्यात उतरायच्या आधी मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. नाहीतर वरून कुणीतरी बटण दाबतो.” तेवढ्यात माझा फोन वाजला, लेकीचा निरोप होता, पहिली पायरी, नेट काढ. मी तो यांना वाचून दाखवला. यांनी नुसतं हं केलं, आतल्या खोलीत गेले, आणि कपाटातून पत्र्याची ती पिवळी पाटी घेऊन आले, निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी थट्टेनं भेट दिलेली: ‘माणूस कामावर आहे. स्विच लावू नये.’ ती त्यांनी संगणकाच्या पडद्याला सुतळीनं बांधली. अर्धा पडदा झाकला गेला. मी ती वर सरकवली. हे म्हणाले, “दिसली पाहिजे,” आणि परत खाली ओढली.

मग आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसलो आणि लेकीच्या पायऱ्या एकामागून एक केल्या. शिफ्ट दाबून धरून मशीन बंदचालू केलं, सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अगदी लागतं तेवढंच जागं होतं, बाकी झोपलेलं. यांना ते फार आवडलं. “देखभालीचा वेग,” म्हणाले, “लिफ्टलाही असतो. मुंगीच्या पावलानं चालवायची, माथ्यावर उभं राहून.” बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली, तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात वर कालची तारीख आणि दोन नावं, एक पहारेकरी आणि दुसरं एक भलतंच, इंटरनेटचं पान सजवून देतो म्हणणारं, दोन्ही एकाच मिनिटाला आलेली. दुसरं मी आणलंच नव्हतं. “जोडीनं येतात,” हे म्हणाले. काढून टाका म्हटल्यावर पहारेकऱ्यानं रडगाणं लावलं, तुम्ही मोठा धोका पत्करत आहात, थांबा, आणि ‘थांबा’चं बटण हिरवं, ठसठशीत, तर ‘काढा’ हे फिकट राखाडी, कोपऱ्यात, जेमतेम दिसेल असं. माझा माउसचा बाण हिरव्यावर गेलाच होता. यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. “ते बारकं,” म्हणाले.

त्या बोटाकडे मी बघत राहिले. नखाच्या कडेला ग्रीसची काळी रेघ, निवृत्तीला सात वर्षं झाली तरी गेलेली नाही. आमच्या लग्नाआधी हे आमच्या रुग्णालयाच्या लिफ्टला यायचे, आणि एकदा मी रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये अडकले तेव्हा वरून दारातल्या फटीतून हीच बोटं दिसली होती, आधी माणूस दिसलाच नाही. मी वरती ओरडून विचारलं होतं, किती वेळ लागेल? आणि वरून आवाज आला, “अर्धा तास. खोटं सांगून पाच मिनिटं म्हणू शकतो, पण मग सहाव्या मिनिटाला तुम्ही घाबराल.” अर्धा तासच लागला होता. हे मी कितीदा लोकांना हसत हसत सांगितलंय. आज ते आठवलं, तशी मी बाण त्या फिकट ‘काढा’कडे वळवला.

दुपारपर्यंत बराच उपसा झाला. मशीन सुरू होताना जे जे आपोआप उठतं त्या यादीतूनही पहारेकऱ्याला काढलं, त्याचा कप्पा शोधून पुसला, इंटरनेटच्या पानाला त्यानं लावलेली शेपटं तोडली. मध्येच एकदा यांनी मला विचारलं, “आपण हे का करतोय?” मी सांगितलं. पुन्हा दहा मिनिटांनी विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि यांनी पडद्यावरची पाटी वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हां, कामावर आहे.” आपला खरा अँटीव्हायरस त्या चोरानं झोपवून ठेवला होता, त्याला जागं केलं आणि पूर्ण तपासणी लावली. त्याला ना ढाल, ना भोंगा. एक बारीक निळी रेघ, आणि किती फाइली पाहिल्या त्याचा आकडा, तो मात्र चालत होता. तीन हजार एकशे सहा, तीन हजार एकशे सोळा, मध्येच अडायचा, मग एकदम पळायचा. अंदाजे वेळ एक तास चाळीस मिनिटं. मी मागे टेकले. मला बरं वाटलं. कुणीतरी खरंच मोजत होतं.

जेवणं झाली, हे झोपायला गेले नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, सहा झाल्या, सातवी वाऱ्यानं परत परत दोरीला गुंडाळत होती. हे पेल्यातलं पाणी थोडं थोडं पीत निळ्या रेघेकडे बघत होते. “तुला कसं कळलं गं?” यांनी विचारलं. “तो खोटा आहे हे.” मी मोठ्या बाईंची गोष्ट सांगितली. यांनी ती शंभरदा ऐकली असेल, तरी नव्यानं ऐकल्यासारखी ऐकली, आणि मला पुन्हा तेच वाटलं, की यांना आठवत नाही. “म्हणजे काल तीनशे सत्तेचाळीस, आज तीनशे सत्तेचाळीस,” हे म्हणाले, “म्हणून खोटं.” हो म्हटलं. “थोडं तरी हललं असतं तर?” तर कदाचित मी फसले असते, म्हटलं. यांनी पेला खाली ठेवला. आकडा आठ लाखांवर गेला होता.

“तू मला चार महिने रोज सांगतेस,” हे म्हणाले, “ठीक आहे, वयाप्रमाणे. रोज तेवढंच. एखाद्या दिवशी थोडं कमी नाही, थोडं जास्त नाही.”

मी पडद्याकडेच बघत राहिले. एकतीस वर्षांचं ते तोंड लावायला गेले, पण लागेना, ओठाचा एक कोपरा माझं ऐकतच नव्हता. “तुम्ही विसरता म्हणून परत विचारता, असं मला वाटायचं,” मी म्हटलं. “विसरतो की,” हे म्हणाले, “काही दिवस खरंच विसरून विचारलं असेल. पण बाकीच्या दिवशी मी परत मोजत होतो. म्हटलं, आज तरी हलेल.” आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं झालं असतं. “आणि ती गोळी. जीवनसत्त्वाची पिवळी होती गं, लांबट. ही पांढरी, गोल, मधे रेघ. मला माणसांची नावं आठवत नाहीत हल्ली, पण वस्तू आठवतात.” मग मला म्हणाले, अगदी साधेपणानं, “खड्ड्यात मी आहे. वरती बटणापाशी तू. मी आत आहे हे तरी मला माहीत हवं ना.”

मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. मी म्हटलं, मला भीती वाटली. कळल्यावर तुम्ही उतरालच खाली, त्या आकड्याला धरून, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मलाच ते मोठ्यानं म्हणवत नव्हतं. यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, तिसऱ्यांदा थोपटायचं राहिलं आणि हात तिथेच राहिला. तपासणी संपायला अजून अर्धा तास होता, पण मी बाण खाली नेला, कप्पा उघडला, जुनी वीजबिले, आणि पडद्यावरची पाटी बाजूला धरून खुर्ची यांच्यासाठी पुढे सरकवली.

हे वाचत होते. एकेक ओळ, ओठ हलवत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, खिडकीपलीकडून लोक माझ्या तोंडाकडे बघायचे तशी, आणि पहिल्यांदा मला कळलं की ते किती वेळ उभे असायचे. “एकोणीस,” हे म्हणाले. मग बोट खाली नेत नेत थांबवलं. “घड्याळाचे किती?” तीनपैकी एक, मी म्हटलं. “एकच? काटा तर बरोबर होता.” मग स्वतःच म्हणाले, “पण घड्याळ काढायला सांगितलं होतं, नाही का.” आणि पुन्हा काही वेळानं, “ते चुकलंच होतं गं. लिफ्टचं मी नंतर जुळवलं. मलाही खोटं सांगता येतं थोडं.” कागदाच्या खालच्या ओळीवर परत कधी मोजायचं ते लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात. ती तारीख यांनी मला पाठीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावली, ठळक, त्यांना जाता येता दिसेल अशी. “या वेळी पाकीट मी उघडणार,” म्हणाले, “तू शेजारी बस. आणि पोरीला आज सांगायचं. तिला मीच सांगतो. मध्ये शब्द सापडला नाही तर तू सांग, पण मी विचारल्याशिवाय नाही.” मी बरं म्हटलं. एकोणीसचे अठरा होतील, मी म्हटलं, किंवा वीस. हे म्हणाले, “हलेलच की. माणूस आहे.”

तपासणी संपली. बारा लाखांवर कितीतरी फाइली पाहून झाल्या होत्या आणि दोन धोके सापडले होते, दोन्ही पहारेकऱ्याची उरलेली पिल्लं, ती आपल्या अँटीव्हायरसनं आपणहून कोंडून ठेवली होती. फक्त दोन. मी सवयीनं परत तपासणी लावली, तर हे म्हणाले, “लाव. पण आता वायर जोडू.” नवी माहिती उतरवायला ती लागणारच होती, लेकीची शेवटची पायरी तीच होती. यांनी पडद्याची सुतळी सोडली, पाटी कुशीत घेतली आणि टेबलाखाली वाकले. वायरचं टोक उलटं धरलं होतं. मला वरून स्पष्ट दिसत होतं. एकदा लावून पाहिलं, बसलं नाही. पुन्हा तसंच लावलं. मग थांबले, टोक डोळ्यांजवळ नेलं, बोटानं त्याची बारीक जीभ चाचपली. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या आणि जागची हलले नाही. तिसऱ्या वेळेला टक् असा आवाज आला.